घाटेअळीतील मायक्रोआरएनए: संगणकाने काढलेली यादी कितपत खरी धरावी?

प्रश्न असा आहे: "मी खानापूर तालुक्यातील असून बेळगावात प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करते. माझे आजोळ सौंदत्तीकडे आहे आणि तिथल्या काळ्या रानात हरभऱ्याचे दरवर्षी घाटेअळीने नुकसान होते, म्हणून प्रकल्पासाठी हीच अळी घेतली. रेशीमकिडा, पिठातला तांबडा भुंगा आणि ड्रॉसोफिला यांचे सुमारे ६०० ज्ञात मायक्रोआरएनए घेऊन घाटेअळीच्या जीनोमवर ब्लास्ट (सारखे अनुक्रम शोधणारे साधन) चालवले, तीनपर्यंत विजोड अक्षरे चालवून घेतली, सापडलेल्या जागेच्या आजूबाजूचा भाग काढून आरएनएफोल्ड या प्रोग्रामने त्याची घडी पाहिली आणि घडीच्या ऊर्जेचा निर्देशांक ०.८५ च्या वर असलेले तेवढे ठेवले. ४१२ उमेदवार उरले आहेत. हे सगळे मायक्रोआरएनए म्हणून लिहावेत का? आमच्याकडे प्रयोगशाळेत पडताळणीची सोय नाही. शिवाय याचा शेतकऱ्याला उपयोग काय, असे घरचे विचारतात. त्यांना काय सांगावे?"

४१२ लिहू नयेत. तुमची पद्धत चुकीची नाही, पण ती अर्ध्यावर थांबली आहे आणि उरलेले अर्धे काम गाळण्याचे आहे. या विषयात सापडणे सोपे असते, कारण संगणकाला जे विचाराल ते तो कुठे ना कुठे दाखवतोच. तुमच्या यादीतला मोठा भाग गळून पडेल आणि जे राहील ते नि:शंकपणे मांडता येईल. ही गाळणी तुमच्या लॅपटॉपवर, एक रुपयाही खर्च न करता कशी करायची, ते आधी सांगतो. शेतकऱ्याच्या प्रश्नाकडे मग वळतो, कारण त्याचे उत्तर या गाळणीवरच अवलंबून आहे.

मायक्रोआरएनए हा आरएनएचा सुमारे २२ अक्षरांचा (न्यूक्लिओटाइडांचा) तुकडा असतो आणि तो प्रथिन बनवत नाही, तर दुसऱ्या जनुकांच्या संदेशवाहक आरएनएला चिकटून त्यांचे काम दाबतो. पहिला मायक्रोआरएनए, लिन-४, १९९३ साली एका सूक्ष्म गोलकृमीत सापडला आणि त्या शोधासाठी व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना २०२४ चे नोबेल मिळाले. दुसरा, लेट-७, २००० साली पुढे आला, आणि तो माशीपासून माणसापर्यंत जवळपास तसाच आहे हे कळल्यावर ही केवळ एका कृमीची गंमत नाही, हे सर्वांच्या लक्षात आले. कीटकाच्या पेशीत आधी लांब धागा तयार होतो, त्यावरची केसाच्या पिनेसारखी दुमडलेली घडी ड्रोशा हे विकर पाशा या प्रथिनाच्या मदतीने कापून काढते, ती केंद्रकाबाहेर आल्यावर डायसर-१ तिचे टोक, म्हणजे वळणाचा भाग, उडवते, आणि उरलेल्या जोडपट्टीतील एक पट्टी अर्गोनॉट-१ या प्रथिनात बसते. ड्रोशा आणि डायसर हे दोघेही कापताना तीन-प्राइम बाजूला (पट्टीच्या शेवटच्या टोकाला; सुरुवातीचे टोक ते पाच-प्राइम) दोन अक्षरे मोकळी सोडतात. हा तपशील लक्षात ठेवावा, कारण खऱ्याखोट्याची सर्वांत चांगली कसोटी याच दोन अक्षरांतून मिळते.

आता तुमच्या ब्लास्टचे गणित करून पाहू. २०१७ साली प्रसिद्ध झालेला घाटेअळीचा जीनोम सुमारे ३३.७ कोटी अक्षरांचा आहे, दोन्ही पट्ट्या धरल्या तर ६७.४ कोटी जागा होतात. चारच अक्षरांच्या भाषेत २२ अक्षरांचे शब्द सुमारे १७.६ लाख कोटी असतात. म्हणजे एखादा विशिष्ट २२ अक्षरी शब्द निव्वळ योगायोगाने हुबेहूब सापडण्याची शक्यता २५ हजारांत एक इतकी कमी आहे, त्यामुळे पूर्ण जुळणी मिळाली तर ती सहसा खरीच असते. पण तीन अक्षरे विजोड चालतील असे म्हटल्याबरोबर त्या एका शब्दाची सुमारे ४४ हजार रूपे ग्राह्य होतात, आणि योगायोगाने सापडणाऱ्या जागा दर शब्दामागे दीडपेक्षा जास्त होतात. चार विजोड चालवले तर हाच आकडा सुमारे २४ वर जातो. तुमचे ६०० शब्द एकमेकांपासून स्वतंत्र असते, तर तीन विजोडांच्या मुभेने हजाराच्या आसपास जागा नुसत्या नशिबाने मिळाल्या असत्या. प्रत्यक्षात तिन्ही कीटकांचे पुष्कळ शब्द सारखे आहेत, त्यामुळे आकडा कमी होईल, पण खऱ्या जीनोममध्ये पुनरावृत्ती आणि ए आणि टी या अक्षरांचा भरणा असतो, त्यामुळे तो पुन्हा वाढेल. पुढच्या टप्प्याने हा सगळा गाळ काढायला हवा होता, आणि तिथे तुम्ही एका निर्देशांकावर विसंबला आहात.

तो निर्देशांक मुळात वनस्पतींच्या मायक्रोआरएनएवरून ठरवला गेला आणि तिथून कीटकांच्या अभ्यासात आला, हे बहुतेक विद्यार्थ्यांना कोणी सांगत नाही. घडीची ऊर्जा घ्यायची, तिला लांबीने भागून शंभराने गुणायचे आणि मग जी आणि सी या अक्षरांच्या (जी-सी) टक्केवारीने भागायचे, एवढाच तो आहे. दोन काल्पनिक घड्या समोर ठेवून पाहा. दोन्ही ८८ अक्षरांच्या आहेत. पहिलीची ऊर्जा उणे ३२ आहे आणि जी-सी ४५ टक्के, म्हणून निर्देशांक ०.८१ येतो आणि ती बाद होते. दुसरीची ऊर्जा फक्त उणे १९ आहे, पण जी-सी २५ टक्केच असल्यामुळे निर्देशांक ०.८६ येतो आणि ती तुमच्या यादीत बसते. भक्कम घडी बाहेर आणि पोकळ घडी आत, असे हे होते, आणि ए-टीबहुल कीटक-जीनोममध्ये ते पुन्हा पुन्हा होते. निर्देशांक टाकून द्या असे मी म्हणत नाही, पण तो एक साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. उमेदवाराची दोन-दोन अक्षरांची वारंवारता जपून त्याच अक्षरांची हजार वेळा सरमिसळ करावी आणि मूळ घडीची ऊर्जा त्या हजारांतल्या किती घड्यांपेक्षा खाली आहे ते पाहावे, ही कसोटी त्याहून प्रामाणिक आहे आणि साध्या लॅपटॉपवर एका रात्रीत होते.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे घडी डोळ्यांनी पाहणे. लेट-७ घ्या. त्याचा परिपक्व शब्द असा आहे: यू जी ए जी जी यू ए जी यू ए जी जी यू यू जी यू ए यू ए जी यू यू. तो घडीच्या पाच-प्राइम बाहूवर असतो, म्हणजे धागा वाचताना आधी हा शब्द येतो, मग वळण, मग त्याची जोडीदार पट्टी. तुमच्या यादीत लेट-७ शी जुळणारा एखादा उमेदवार असेल आणि त्यात हा शब्द वळणानंतरच्या, म्हणजे तीन-प्राइम बाहूवर दिसत असेल, तर त्याची ऊर्जा कितीही चांगली असली तरी तो लेट-७ नव्हे. उलट मिर-१ आणि बँटम यांचा मुख्य शब्द तीन-प्राइम बाहूवर असतो, तेव्हा त्यांच्याकडे नेमकी उलटी अपेक्षा ठेवावी. परिपक्व शब्द वळणात घुसलेला नसावा, घडीला फांद्या फुटलेल्या नसाव्यात, त्या शब्दातील किमान ६० टक्के अक्षरे समोरच्या पट्टीशी जोडलेली असावीत. विजोड अक्षरे असतीलच तर ती दुसऱ्या ते आठव्या स्थानाच्या बाहेर असावीत, कारण लक्ष्य ओळखण्याचे काम हाच भाग करतो आणि उत्क्रांतीत तो सर्वांत कमी बदलतो. लेट-७ मध्ये हा बीजभाग जी ए जी जी यू ए जी असा आहे. तुमच्या उमेदवारात यातले एक अक्षर जरी वेगळे असेल, तरी त्याला लेट-७ च्या कुटुंबातला म्हणू नये. आरएनएफोल्डला द्यायचा तुकडाही फार लांब नको. दोन्हीकडे शंभर-शंभर अक्षरे घेऊन सगळे एकदम दुमडले तर बाहेरची अक्षरे आतल्या अक्षरांशी जोड्या लावतात आणि खरी घडी मोडून दिसते, म्हणून आधी लांब तुकड्यात घडीची जागा शोधावी आणि मग तो छाटून सुमारे ९० अक्षरांचाच पुन्हा दुमडून पाहावा.

शेजारीही साक्ष देतात. ड्रॉसोफिलात मिर-१००, लेट-७ आणि मिर-१२५ हे तिघे एकाच धाग्यावर जवळजवळ असतात, आणि इतर अनेक कीटकांत मिर-२ च्या कुटुंबातले सदस्य मिर-७१ च्या पाठोपाठ ओळीने येतात. ड्रॉसोफिलाने मात्र मिर-७१ गमावला आहे, म्हणून केवळ त्याच्या यादीवरून शोधले असते तर तो तुमच्या नजरेतून निसटला असता. रेशीमकिडा सोबत घेतलात, हे फार चांगले केलेत. तुमचे मिर-२ चे उमेदवार वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेले आहेत की एका ठिकाणी दाटीने आहेत, एवढे पाहिले तरी निम्मे काम होईल.

ब्लास्टबद्दल थोडेच सांगतो. आज्ञावलीतला ब्लास्टएन काहीही न सांगता चालवला तर तो मेगाब्लास्ट म्हणून चालतो आणि त्याचा सुरुवातीचा शब्द २८ अक्षरांचा असतो, म्हणजे २२ अक्षरांचा प्रश्न त्याला कधी सापडणारच नाही. लहान अनुक्रमांसाठीचा पर्याय निवडून शब्दलांबी सातवर आणावी. तुम्हाला उत्तरे मिळाली आहेत म्हणजे तुम्ही हे केलेले दिसते.

आता सर्वांत उपयोगी कसोटी, जी मी माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला सक्तीची केली आहे. तुमच्या ६०० शब्दांतील अक्षरे प्रत्येक शब्दात आतल्या आत पिसून ६०० खोटे शब्द तयार करा आणि तेच ब्लास्ट, तीच मुभा, तोच तुकडा, तीच घडी, तोच निर्देशांक लावून शेवटपर्यंत जा. खोट्या शब्दांतूनही ३०० उमेदवार निघाले, तर तुमच्या ४१२ पैकी सुमारे ३०० नशिबाचे आहेत, हे तुम्हाला दुसऱ्या कोणी सांगायची गरज राहत नाही. मग एकेक गाळणी घट्ट करत जा: विजोड एकावर आणा, बीजभाग पूर्ण जुळवा, बाहू तपासा, पुनरावृत्तीतल्या आणि प्रथिन बनवणाऱ्या जनुकांवरच्या जागा काढा, टीआरएनए आणि आरआरएनएशी जुळणारे काढा. प्रत्येक टप्प्यावर खऱ्या आणि खोट्या यादीचे आकडे शेजारी शेजारी लिहा. खोटी यादी शून्याजवळ येईल तिथे थांबा. हा तक्ता हाच तुमच्या प्रबंधाचा कणा असावा, आणि परीक्षक जाणकार असेल तर तो ४१२ या आकड्यापेक्षा या तक्त्याकडेच पाहील.

संदर्भ म्हणून घेतलेल्या नोंदीही तितक्याच निरखून घ्या. मिरबेस या मायक्रोआरएनएंच्या सार्वजनिक नोंदसंग्रहाच्या २२ व्या आवृत्तीत २७१ सजीवांच्या ३८,५८९ घड्या आहेत, पण त्यांतली प्रत्येक नोंद सारखी भक्कम नाही. त्यांनी स्वतःच काही नोंदींना उच्च विश्वासाच्या म्हणून वेगळे ठेवले आहे, आणि त्यासाठी दोन्ही बाहूंवर किमान दहा-दहा वाचने (यंत्राने वाचलेले आरएनएचे तुकडे), त्यांच्यात तीन-प्राइम टोकांवर शून्य ते चार अक्षरांची मोकळीक, आणि प्रत्येक बाहूवरच्या किमान निम्म्या वाचनांचे पाच-प्राइम टोक एकच, अशा अटी आहेत. सुरुवात अशा नोंदींपासून आणि मिरजीनडीबीतील हाताने तपासलेल्या नोंदींपासून केली तर पायाच पक्का होतो. कच्च्या नोंदीवरून शोधलेला उमेदवार तिच्यापेक्षा पक्का कसा असेल?

पडताळणीची सोय नाही असे तुम्ही लिहिले आहे, पण ते पूर्ण खरे नाही. जगभरच्या प्रयोगशाळांनी घाटेअळीच्या लहान आरएनएची वाचने एनसीबीआय या अमेरिकी संस्थेच्या सार्वजनिक संग्रहात ठेवलेली आहेत आणि ती विनामूल्य उतरवता येतात. कटॲडॅप्ट या साधनाने वाचनांना जोडलेले कृत्रिम तुकडे छाटावेत, १८ ते ३० अक्षरांची वाचने ठेवावीत आणि मिरडीप-२ ने ती जीनोमवर बसवावीत. लांबीचा आलेख काढलात तर २२ च्या आसपास एक उंचवटा दिसावा आणि २७-२८ च्या आसपास दुसरा. तो दुसरा पिवी-आरएनए या वेगळ्या प्रकारच्या लहान आरएनएचा असतो, त्याला मायक्रोआरएनए समजू नये. तुमच्या एखाद्या उमेदवाराच्या जागेवर दोन ठिकाणी वाचनांचे स्वच्छ ढीग दिसले, वळणाच्या जागी जवळजवळ काहीच नसले आणि दोन्ही ढीग एकमेकांवर ठेवल्यावर तीन-प्राइम टोकांना दोन-दोन अक्षरे बाहेर राहत असली, तर ड्रोशा आणि डायसर यांनी कापल्याची खूणच तुमच्यासमोर आहे. नवे, केवळ घाटेअळीतच असलेले मायक्रोआरएनएही याच मार्गाने मिळतात. दुसऱ्या कीटकाशी जुळवून शोधताना जे आधीच माहीत आहे तेवढेच सापडू शकते, ही मर्यादा प्रबंधात स्पष्ट लिहावी.

एक सावधगिरी माझ्याच अनुभवातून सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही बैलहोंगलच्या शेतातून हरभऱ्यावरच्या अळ्या आणल्या, अख्ख्या अळीचा आरएनए काढला आणि वाचनांत मिर-१६६ व मिर-१५९ पाहून आठवडाभर चक्रावून गेलो. हे दोन्ही वनस्पतींचे मायक्रोआरएनए आहेत. अळीच्या आतड्यात हरभऱ्याचे घाटे आणि पाने होती आणि त्यांचेच लहान आरएनए आम्ही मोजत होतो. तेव्हापासून प्रत्येक वाचन आधी यजमान पिकाच्या जीनोमवर बसवून जे तिथे बसते ते बाजूला काढायचे, हा आमचा नियम आहे. सार्वजनिक वाचने वापरतानाही हे करा, कारण अळी कोणत्या खाद्यावर वाढवली होती हे नेहमी लिहिलेले नसते, आणि आपल्याकडे प्रयोगशाळेत वापरले जाणारे कृत्रिम खाद्यही बहुधा हरभऱ्याच्या पिठाचेच असते.

लक्ष्य जनुकांचा अंदाज हा याहून निसरडा भाग आहे. सात अक्षरांचा बीजभाग संदेशवाहक आरएनएच्या, प्रथिनात भाषांतर न होणाऱ्या १,००० अक्षरांच्या टोकात योगायोगाने सापडण्याची शक्यता सुमारे सहा टक्के आहे, आणि घाटेअळीची जनुके १७ हजारांच्या घरात आहेत, म्हणजे एका मायक्रोआरएनएमागे हजारभर जनुके काहीही संबंध नसताना लक्ष्य म्हणून पुढे येतात. मिरांडा आणि आरएनएहायब्रिड या दोन्ही साधनांनी सांगितलेली, इतर पतंगवर्गीय कीटकांतही त्याच जागी टिकून असलेली आणि संदेशवाहक आरएनए जिथे घडीत अडकलेला नाही अशा ठिकाणची जोडी तेवढी ठेवावी. या किडीच्या जनुकांची तीन-प्राइम टोके अजून नीट आखलेली नसल्यामुळे पुष्कळ खरी लक्ष्ये यादीत येतच नाहीत, हेही ध्यानात असू द्या. पुढे कोणी हे तपासायचे ठरवले तर ल्युसिफरेजची (प्रकाश निर्माण करणाऱ्या विकराची) चाचणी एसएफ-९ पेशींत होते. या पेशी अमेरिकन लष्करी अळीच्या कोषातील अंडाशयापासून बनलेल्या आहेत. हीच अळी २०१८ मध्ये भारतात प्रथम आपल्या कर्नाटकातच, शिवमोग्ग्याकडे, मक्यावर नोंदली गेली.

आता घरच्यांच्या प्रश्नाकडे येतो. कात टाकताना अळीला जुन्या आवरणातील कायटिन विरघळवावे लागते आणि त्यासाठी कायटिनेज लागते. दिल्लीतील संशोधकांनी २०१३ मध्ये घाटेअळीत हे कायटिनेज दाबणारा मिर-२४ दाखवला. पुढे त्याच जनुकावर बेतलेला कृत्रिम मायक्रोआरएनए तंबाखूच्या झाडात घातला, तेव्हा ती पाने खाणाऱ्या अळ्यांचे कात टाकणे थांबले आणि त्या मेल्या. निपाणीच्या शेतकऱ्याला तंबाखूचे झाड ओळखीचे आहे, म्हणून हे उदाहरण मी इथे नेहमी देतो, पण ते प्रयोगशाळेतले झाड होते, बियाणे नव्हे, हेही त्याच दमात सांगतो. पतंगवर्गीय अळ्यांच्या आतड्यात आरएनए तोडणारी विकरे जोरदार असतात, त्यामुळे फवारलेला आरएनए त्यांच्यात भुंग्यांइतका परिणाम करत नाही. आणि शस्त्र म्हणून निवडायचा मायक्रोआरएनए लेट-७ सारखा सर्वांत असलेला असून चालणार नाही, कारण तो मधमाशीत आहे, मित्रकीटकांत आहे आणि आपल्यातही आहे. सहज सापडणारे मायक्रोआरएनए या कामाला सर्वांत कमी उपयोगी, आणि केवळ या अळीपुरते असलेले शोधायला सर्वांत अवघड, ही खरी अडचण आहे. म्हणूनच तुमची यादी स्वच्छ असणे शेतकऱ्याच्या हिताचे आहे: चुकीच्या उमेदवारावर पुढच्या कोणाची तरी तीन-चार वर्षे आणि सरकारी पैसा जातो. घरच्यांना सांगा की या हंगामात कामगंध सापळे लावावेत, अळ्या लहान असतानाच एचएएनपीव्ही विषाणूची फवारणी संध्याकाळी करावी, कारण उन्हातील अतिनील किरणांनी तो निकामी होतो, आणि रानात पक्ष्यांना बसायला काठ्या रोवाव्यात. मायक्रोआरएनएचे काम त्याच्या जागी येण्यासाठी अजून वेळ आहे.

यादी गाळून झाल्यावर वरचे पाच-सहा उमेदवार निवडा. स्टेम-लूप पद्धतीचे प्रायमर वापरून ते साध्या आरटी-पीसीआरवरही पाहता येतात आणि असे यंत्र बेळगाव-धारवाडच्या पट्ट्यात मिळू शकते. त्यासाठी आजोळी जाऊन डिसेंबर-जानेवारीत, हरभरा घाट्यांवर असताना, अळ्या आणा. प्रत्येक अळी वेगळ्या डबीत ठेवा, नाहीतर त्या एकमेकींना खातात. चोवीस तास उपाशी ठेवून आतडे काढून टाका, ते वेगळ्या नळीत घाला, उरलेले शरीर आरएनए टिकवणाऱ्या आरएनएलेटर द्रावणात बुडवा, आणि नळीवर अळीची अवस्था व कात टाकल्यानंतर किती तासांनी ती घेतली ते पेन्सिलने लिहा. कात टाकण्याशी संबंधित मायक्रोआरएनए काही तासांतच वरखाली होतात, आणि ती वेळ नंतर आठवून लिहिता येत नाही.